खाडी माझ्या पदरावर

"खडू सोडा," असं डॉक्टर म्हणाले तेव्हा मला हसू आलं. माझ्या आधी आत गेलेल्या माणसाला ते तंबाखू सोडायला सांगत होते, ते मला बाहेरच्या बाकावर स्वच्छ ऐकू आलं होतं. त्याच सुरात ते आता मला खडू सोडायला सांगत होते. पण त्यांनी माझा एक्स-रे उजेडासमोर धरला, पुन्हा छातीला नळी लावली आणि खोल श्वास घ्यायला सांगितला, तेव्हा श्वासाच्या शेवटी आतून बारीक शिट्टी वाजली. ती मलाही ऐकू आली. मग मी हसायची थांबले.

मी वसईतल्या एका मराठी शाळेत भूगोल शिकवत होते. दोन हजार सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली ही गोष्ट. तेव्हा पालघर वेगळा जिल्हा झाला नव्हता, आम्ही सगळे ठाणे जिल्ह्यात मोडत होतो. आता थोडी फुशारकी मारते, कारण ती मारल्याशिवाय पुढचं कळणार नाही. माझे फळ्यावरचे नकाशे शाळेत नावाजलेले होते. खडू एकदा टेकवला की महाराष्ट्राची सीमा पुरी होईपर्यंत मी तो उचलत नसे. वसई तालुका तर डोळे मिटून निघे. खाली उल्हास नदीची खाडी, वर वैतरणेची, डावीकडे समुद्र, उजवीकडे तुंगारेश्वरचा डोंगर. शेजारच्या वर्गाच्या बाई मधल्या सुट्टीत येऊन सांगत की आज तुमचा फळा पुसू नका, आमच्या मुलांना दाखवायचाय. या सगळ्या कौतुकाची पूड मी इतकी वर्षं नाकातोंडाने आत घेत होते, हे मात्र त्या दवाखान्यात कळलं.

आमचे मुख्याध्यापक भला माणूस. म्हणूनच त्यांचा जास्त राग यायचा. डॉक्टरांची चिठ्ठी वाचून त्यांनी मला बोलावलं, चहा मागवला आणि सांगितलं की जूनपासून भूगोल नव्या बाईंकडे देऊ, तुम्ही ग्रंथालय सांभाळा, निवांत बसा. निवांत हा शब्द त्यांनी इतक्या प्रेमाने उच्चारला की माझ्या अंगाचा तिळपापड झाला. निवांतच बसायचं असतं तर मी घरी सासूबाईंच्या शेजारी वाडीत बसले असते, शिक्षिका कशाला झाले असते, असं मी म्हणाले. आवाज चढला तशी खोकल्याची उबळ आली आणि ती काही केल्या थांबेना. ऐन भांडणात माझाच खोकला त्यांच्या बाजूने उभा राहिला. त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला.

पाणी पिताना माझं लक्ष त्यांच्या मागे लटकणाऱ्या किल्ल्यांकडे गेलं. त्यात कम्प्युटरच्या खोलीची किल्ली होती. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी एक कम्प्युटर आणि एक प्रोजेक्टर भेट दिला होता. कोणीतरी हौसेने विणलेला रुमाल त्यावर घातला होता आणि ती खोली वर्षातून एकदा, खंडेनवमीला उघडायची. यंत्राला हळदकुंकू, झेंडूचा हार, आणि पुन्हा कुलूप. चालवता कोणालाच येत नव्हतं.

मी पेला खाली ठेवला आणि विचारलं, की त्या यंत्रावर मी शिकवलं तर? त्याला तर खडू लागत नाही.

मुख्याध्यापक विचारात पडले. वसई रोड स्टेशनजवळच्या एका महाविद्यालयात नोकरी करणाऱ्या शिक्षकांसाठी शनिवार-रविवार एम.एड.चे वर्ग चालत. शैक्षणिक तंत्रज्ञान हा त्यात एक विषय होता आणि त्या विषयाच्या शेवटी आपापल्या शाळेत कम्प्युटरवर एक पाठ घेऊन दाखवावा लागे. एम.एड. करायचं माझ्या मनात कधीपासून होतं, पण होतं ते मनातच. आता मी तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं. शेवटी आमच्यात ठरलं ते असं, की तो पाठ मुख्याध्यापक स्वतः बसून बघतील. मुलं त्यातून खरोखर शिकली, तर खोली माझी आणि भूगोलही माझा. नाहीतर जूनपासून ग्रंथालय, आणि त्यावर मी एक शब्दही बोलायचा नाही.

पहिल्या शनिवारी महाविद्यालयाच्या कम्प्युटर लॅबच्या दारात चपलांचा ढीग होता. देवळात जावं तसे सगळे अनवाणी आत जात होते. कारण विचारलं तर कळलं की कम्प्युटरला धूळ चालत नाही. मला एकदम त्याच्याविषयी आपलेपणा वाटला. धूळ त्यालाही चालत नाही आणि मलाही नाही, म्हणजे आमचं जमणार, असं मनाशी म्हणत मी आत गेले, आणि समोर शिकवायला उभा असलेला माणूस मला बघून ताडकन सरळ झाला.

तो माझा विद्यार्थी होता. जूचंद्रचा, मिठागरात राबणाऱ्या घरातला मुलगा. आठवीत माझ्या वर्गात खिडकीजवळ बसायचा. आता इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, आणि भाषा अशी पुस्तकी की घरचं 'पानी' कुठल्या कुठे गेलं होतं. तो मला बाई म्हणणार हे उघडच होतं. पण मी त्याला काय म्हणायचं? सगळ्यांसमोर अरे म्हणणं बरं दिसेना, आणि सर म्हणताना जीभ अडखळे. शेवटी मीच नियम केला. चपला काढल्या की तो सर, चपला घातल्या की अरे. त्याने तो मान खाली घालून हसत मान्य केला आणि पुढची दोन वर्षं आम्ही दोघांनी तो पाळला.

माझी पहिली लढाई माऊसशी झाली. ज्या हाताने एका दमात महाराष्ट्र काढला, त्या हाताला त्या एवढ्याशा डबीने साधी सरळ रेघ काढू दिली नाही. वसईचा किनारा काढायला जावं तर रेघ घाटरस्त्यासारखी वळणं घेई. मी चिडून माऊस आपटला की सर लांबूनच म्हणत, "बाई, तो खडू नाही. दाबू नका, नुसता हात ठेवा." शेजारी बसणाऱ्या माझ्या निम्म्या वयाच्या मुली फटाफट पुढे जात आणि मी एका बेटावर अडकून पडे. पण एका रविवारी अर्नाळ्याचं बेट मला हवं तसं उमटलं, आणि मी लॅबमध्येच टाळी वाजवली. घरी जाताना रिक्षावाल्यालाही सांगितलं. त्याला काय कळलं कोण जाणे, पण तोही चांगलं झालं म्हणाला.

मग स्लाइडा आल्या. अक्षर कसं यावं हे आपल्याला ठरवता येतं हे कळल्यावर मी हरखून गेले. ओळ उडत येते, गिरक्या घेत येते, आणि एकेक अक्षर करूनही येते. मी एकेक अक्षर निवडलं. अख्खी ओळ एकदम दिसणं मला अशिक्षितपणाचंच वाटत होतं. फळ्यावर कधी ओळ एकदम येते का? बाई लिहितात, मुलं त्यांच्या मागोमाग वहीत लिहितात, त्या वेळातच तर विषय डोक्यात उतरतो. म्हणून मी सगळा धडा एकेक अक्षर येईल असा बसवला, वर टाइपरायटरचा आवाजही लावला. वर्गासमोर सराव होता. टकटक टकटक करत अक्षरं येत राहिली. आधी सगळ्यांनी कौतुकाने पाहिलं, मग जांभया आल्या, मग हसू. तास संपल्याची घंटा झाली तेव्हा मी दुसऱ्या स्लाइडच्या मध्यावर होते.

सरांनी मला समजावलं, की अक्षरं कमी करा, नकाशा वाढवा. आणखी एक सांगितलं, ते तर ते दर तासाला सांगत. "बाई, बाजूला उभ्या राहा, तुमची सावली पडते." आयुष्यभर फळ्याला चिकटून शिकवलेलं, मला बाजूला उभं राहणं म्हणजे स्वतःच्या लग्नात पाहुणी म्हणून बसणं वाटे. पण राग गिळून मी ऐकलं. धडा कापला. नकाशा रेघेरेघेने येईल असा केला. एक टिचकी, समुद्र. दुसरी टिचकी, खाडी. मग डोंगर, मग गावांची नावं. सगळं सीडीवर घेऊन शाळेत जायचं ठरलं तेव्हा सरांनी बजावलं, की सीडीवर फॉन्टही घ्या हं.

फॉन्ट म्हणजे अक्षरांचं वळण, एवढं मला ठाऊक होतं. पण ते वेगळं कशाला न्यायचं हे मला पटेना. फळा उचलून दुसऱ्या वर्गात नेला तर त्यावरची अक्षरं काय मागे राहतात? सरांना उगाच बारीकसारीक सांगायची सवय आहे, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि हो हो म्हणून मोकळी झाले.

आता पडद्याचा प्रश्न उरला. त्या खोलीची भिंत पोपडे धरलेली, पिवळी. घरी मी हे बोलले आणि सासूबाईंनी ऐकलं. आमची केळीची आणि पानवेलीची वाडी त्यांच्या जिवावर उभी होती. बोलणं कमी, आणि जे बोलत ते घरच्या वाडवळी बोलीत, जी मला इतक्या वर्षांत कळायला लागली होती पण बोलता कधी आली नाही. त्यांनी ट्रंक उघडून सासऱ्यांचं लग्नाकार्यातलं पांढरंशुभ्र धोतर काढलं, मधोमध कापलं आणि दोन्ही तुकडे जोडून शिवायला घेतले. मी नको नको म्हणत राहिले. त्यांचं म्हणणं एवढंच, की ते असते तर तुझा पाठ बघायला आले असते, आता धोतर तरी येऊ दे. एका बाजूला हळदीचा जुना डाग होता. आमच्या लग्नातला. तो धुऊन गेला नाही याचं दोघींनाही बरं वाटलं.

पाठाच्या दिवशी मी मोतिया रंगाची सुती साडी नेसले. खोलीबाहेर आठवीच्या मुलांच्या चपला रांगेत लागल्या. मागच्या खुर्च्यांवर मुख्याध्यापक आणि परीक्षक म्हणून आलेले सर बसले. खिडक्यांना चटया लावल्या, प्रोजेक्टर लागला, धोतरावर निळा उजेड पडला. सरांनी सांगितल्याप्रमाणे मी बाजूला उभी राहिले आणि पहिली टिचकी दिली. मथळा यायला हवा होता, 'आपला वसई तालुका'. आला तो इंग्रजी अक्षरं, डॉलरची खूण, कंस आणि टिंबं यांचा गोंधळ. दुसरी स्लाइड, तेच. एकही मराठी अक्षर शिल्लक नव्हतं. फळा आला होता आणि अक्षरं खरोखरच मागे राहिली होती.

ग्रंथालयाची कपाटं डोळ्यांसमोर दिसायला लागली. सर खुर्चीतून अर्धे उठले, ते धावत जाऊन फॉन्ट आणायच्या तयारीत होते. माझ्या तोंडून वर्गातल्या सवयीने निघून गेलं, "बस रे." परीक्षक मुकाट्याने बसले. मुलं हसली आणि त्या हसण्याने मला जरा श्वास आला.

मी मधल्या स्लाइडा सोडून नकाशावर आले. टिचकी, समुद्र आला. टिचकी, खाडी आली. रेघांना फॉन्ट लागत नव्हता, त्या माझ्या हाताच्या होत्या, सगळ्या जशाच्या तशा आल्या. पण नावांच्या जागी तोच गोंधळ, आणि मुलं हाताची घडी घालून टीव्ही बघावा तशी बघत होती. कोणी माझ्याकडे बघत नव्हतं, कोणी विचारत नव्हतं. हे मला नावं गेल्यापेक्षा वाईट वाटलं. असाच तास गेला असता तर मुख्याध्यापकांनी मला ग्रंथालयात पाठवलं असतं ते बरोबरच झालं असतं.

मग मला राहवलं नाही. नावं नाहीत तर मी बोटाने दाखवीन म्हणून मी तरातरा पडद्याकडे गेले, थेट उजेडात. मागून सरांचा सुस्कारा ऐकू आला. आणि पुढच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "बाई, खाडी तुमच्या पदरावर आली."

मी खाली पाहिलं. खरंच, साडीच्या मोतिया रंगावर उल्हास नदीची निळी खाडी आडवी पसरली होती. मी हलले की ती चुण्यांबरोबर हलायची, भरती आल्यासारखी. सगळा वर्ग हसत होता आणि आता सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. मला बाजूला होण्याची मुळीच इच्छा राहिली नाही.

"हसता काय," मी म्हणाले, "खाडी माझ्याकडे आहे. आता सांगा, कळंबचं कोण आहे?"

कळंबचा एक कोळ्यांचा मुलगा होता. त्याला पुढे बोलावलं आणि विचारलं, तुझं गाव कुठे येईल, तिथे उभा राहा. तो गोंधळला, मग समुद्राच्या कडेला जाऊन उभा राहिला, आणि त्याच्या गणवेशाच्या पांढऱ्या शर्टावर किनाऱ्याची रेघ उमटली. त्याने ती खाली मान घालून पाहिली आणि जो काही चेहरा केला, तो मी विसरणार नाही. मग कोणाला थांबवायची सोय राहिली नाही. अर्नाळ्याच्या मुलीला उंची पुरेना म्हणून ती बाकावर चढली, तेव्हा उत्तर म्हणजे वर हे कोणाला वेगळं सांगावं लागलं नाही. नायगावच्या पोरांना खाडीशी उतरायला जमिनीवर बसावं लागलं. दोघी मैत्रिणी एकाच जागेसाठी भांडल्या, आणि रस्ता कुठून जातो, ओढा कोणत्या बाजूला, हे एकमेकींना सांगून त्यांनीच ते मिटवलं. हळदीच्या डागाकडे बोट दाखवून एकाने तिथे काय आहे म्हणून विचारलं. तिथे माझं लग्न झालं, असं मी सांगून टाकलं.

डोंगराची बाजू मोकळी होती. मी मुख्याध्यापकांकडे पाहिलं. ते पांढऱ्या सफारीत होते आणि अंगाने चांगले भरलेले होते. ते उठले, उजवीकडे येऊन उभे राहिले आणि तुंगारेश्वर त्यांच्या पोटावर बरोबर बसला. चिंचोटीची एक लाजरी मुलगी त्यांच्या पायाशी बसली होती. ती वर बघून म्हणाली की मोठ्या सरांवरून गावचा धबधबा आपल्या डोक्यावर पडतोय. एरवी वर्गात तिचा आवाज मी ऐकलाच नव्हता. मुख्याध्यापक इतके हसले की डोंगर बराच वेळ हलत होता.

तेव्हा मागच्या खुर्चीवर एकच माणूस उरला होता. तो उठला. मला वाटलं आता हे थांबवणार, सावली पडते म्हणणार, कारण त्या तासाला गुण देणं त्याच्या हातात होतं. तो अनवाणी पुढे आला, उजेडाच्या कडेशी थांबला आणि आठवीतल्या आवाजात म्हणाला, "बाई, माजा गाव रायला."

मी नायगाव आणि चिंचोटीच्या मधली जूचंद्रची जागा दाखवली. इस्त्रीची पॅन्ट सांभाळायची सोडून तो पोरांमध्ये जमिनीवर मांडी घालून बसला. त्याच्या खांद्यावर मिठागरांचे चौकोन आले, मी माऊसशी झगडून एकेक काढलेले. त्याने त्यावरून हात फिरवला.

एवढ्यात मुख्याध्यापकांनी हात लांब करून प्रोजेक्टर बंद केला. मला धक्काच बसला. त्यांनी एका मुलाला खिडकीची चटई काढायला लावली, सगळ्यांना आपापल्या जागी थांबायला सांगितलं आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. धोतर कोरं होतं, पण मुलं हलली नव्हती. कळंबच्या पोराने सांगितलं की वर अर्नाळा आणि एका बाजूला समुद्र. नायगावची मुलं सांगत होती की आमच्या पायाशी खाडी, तिच्यापलीकडे तालुका नाही. चिंचोटीच्या मुलीने मान वर करून, आमच्या डोक्यावर डोंगर, असं खुद्द डोंगरालाच सांगितलं. एकही उत्तर चुकलं नाही. मुख्याध्यापकांनी किल्ल्यांच्या जुडग्यातून एक किल्ली सोडवायला घेतली. ती घट्ट बसली होती, निघता निघेना, आणि मी तिथे लहान मुलीसारखी डोळे पुसत उभी होते. मला लपवायचंही सुचलं नाही.

दाराशी चपला घालून झाल्यावर मी सरांना विचारलं, "अरे, पास झाले का मी?"

तो म्हणाला, "ते चपला घालायच्या आधी विचारायचं, बाई."

जूनमध्ये नवी आठवी आली. छातीतली शिट्टी तोवर बरीच निवली होती. त्या खोलीच्या दाराबाहेर चपलांची रांग लागली, धोतर ताणून बांधलं, आणि मी फॉन्टही न विसरता आणला होता. नावं सगळी मराठीत, ठसठशीत आली. मी ती एका टिचकीत घालवून टाकली, पदर सारखा केला आणि उजेडात जाऊन उभी राहिले. शेवटच्या बाकावर एक नवीन मुलगा बावरून बसला होता.

"तू कुठला रे?" मी विचारलं. "ये, इकडे उजेडात ये."